वाचकांचे प्रश्न : खोडदची सहल आणि न आलेली उत्तरं

प्रश्न : नववीच्या ४० मुलांना पुणे जिल्ह्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण (आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी) दाखवायची आहे. मागच्या वेळी मुलं नुसती आवारात फिरून आली. यंदा काय वेगळं करावं? – एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : बाई, सगळं दाखवायचा मोह सोडा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्यात. मधल्या आवारात १४ आहेत, त्यांतल्या एकीपाशीच थांबा. मान वर केली की मुलांना दिसेल : तबकडी भरीव नाही, बारीक तारेची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. मग रेडिओ लहर त्यातून निसटत कशी नाही?

सगळी सहल या प्रश्नावर बेता. ही दुर्बीण टिपते त्या लहरी किमान २० सेंटीमीटर लांबीच्या, आणि जाळीची भोकं फार तर दोन सेंटीमीटरची. एवढ्या लांब लहरीला जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही करामत नववीच्या मुलाला सहज कळते.

निघण्याआधी शाळेत एक प्रयोग करा. एफएम लावलेला छोटा रेडिओ लोखंडी जाळीने सगळीकडून झाका. आवाज खरखरतो किंवा बसतो. जाळीच्या कडा एकमेकींना नीट टेकल्या नाहीत, तर फटीतून लहर आत शिरते. एरियल जाळीला टेकू देऊ नका. जवळचं, जोरकस स्टेशन लावलंत तर फरक कळणार नाही. दूरचं, मंद स्टेशन घ्या.

परवानगी लेखी आणि बरीच आधी मागा. आवारात फोन बंद, कारण मोबाइलच्या काही लहरी दुर्बीण टिपते त्याच वारंवारतेच्या पट्ट्यात येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे गर्दी असते, निवांत बोलणं होत नाही. शास्त्रज्ञांइतकंच तबकडी फिरवणाऱ्या मोटारी आणि रिसीव्हर सांभाळणाऱ्यांनाही भेटवा. ‘या आठवड्यात काय बिघडलं होतं? कसं शोधलंत?’ हे मुलांनी विचारावं. ‘तुमचं काम काय?’ याला पाठ केलेलं उत्तर मिळतं, बिघाडाबद्दल विचारलं की माणूस खुलतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करूनही इथवर येता येतं का, तेही तिथेच विचारू द्या.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात प्रकल्प मिळावा म्हणून ६० प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. – नांदेड

उत्तर : साठ जणांना एकच मेल गेला असणार, आणि तो पहिल्याच ओळीत ओळखू येतो. पाच जण निवड. प्रत्येकाचा एक शोधनिबंध उघड. सगळा कळणार नाही, पण सारांश आणि आकृत्या बघ. न कळलेल्या एका आकृतीबद्दल दोन ओळींत नेमकं विचार. मग तुला काय येतं (पायथॉन, सोल्डरिंग, सांख्यिकी, जे खरं असेल ते) आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, एवढंच लिही. थेट प्रकल्प मागू नकोस, वीस मिनिटांचं बोलणं माग. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर.

सोबत भारतातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या (बंगळुरूची आयएएससी, दिल्लीची इन्सा, प्रयागराजची नासी) उन्हाळी फेलोशिपचाही अर्ज भर. दोन महिन्यांचं काम आणि मार्गदर्शक, दोन्ही त्यातून मिळतात. मुदत बहुधा नोव्हेंबरअखेर संपते. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि अर्ज अडतो तो तिथेच. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांना गाठ आणि तू केलेल्या एखाद्या प्रयोगाची वही सोबत ने, म्हणजे पत्रात लिहायला त्यांच्या हाताशी काही असेल.