वाचकांचे प्रश्न : ईकोत संसार थाटायचाय

मागच्या अंकात आम्ही नवरा-बायकोने गाडीतच झोपायची सोय कशी केली ते चार ओळींत लिहिलं होतं, तर त्यावरच इतके मेसेज आले की या वेळचं पान सगळं त्यालाच दिलंय.

ताई, आम्ही दोघं शिक्षक. सुट्ट्यांत फिरायला म्हणून सेकंडहँड पाच सीटची मारुती ईको व्हॅन घेतली. ह्यांना पाय पसरून झोपता येईल असा बेड पाहिजे, मला किचन पाहिजे. सुतार माप घ्यायला येतो म्हणतोय आणि आमचं रोज वाजतंय. सुरुवात कुठून करू?
— एक जोडपं, अमळनेर

आधी सुताराला फोन करून सांगा, महिनाभर येऊ नको. मग अंगणात खडूने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन काढा, चाकांचे उंचवटे पण काढा, आणि संध्याकाळचा स्वयंपाक, जेवण, अंथरूण सगळं त्या चौकोनात करा, रेषेबाहेर पाय टाकायचा नाही. आम्ही हे केलं तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "घर शे ना आपलं, मंग गाडीमा कसाले झोपतस?" पण त्या एका संध्याकाळी आमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू कटाप झाल्या. त्यानंतर दोन रात्री रिकाम्या गाडीत नुसती गादी टाकून झोपा. कोण रात्री उठतं, कोणाला पंखा लागतो, चपला कुठे ठेवायच्या, हे सुताराला नाही कळणार, तुम्हालाच कळेल.

बेडचं म्हणाल तर ईकोची रुंदी बाहेरून १४७५ मिमी, म्हणजे चार फूट दहा इंच, आतून आणखी कमी, तेव्हा आडवं झोपायचा विषय सोडा. लांबीतच झोपायचं, पुढच्या सीट पुढे घेऊन. आणि किचन आत करूच नका! मागचा दरवाजा वर उघडतो ना, त्याची आयती पडवी होते, तिथे बाहेर ओढायचा एक ड्रॉवर करा, शेगडी त्यावर, उभं राहून स्वयंपाक, वर झाकण. म्हणजे आतली जागा ह्यांची आणि बाहेरची तुमची, भांडण मिटलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता खाली फ्लोअरवर साचून राहतो, म्हणून पाच किलोचं सिलिंडर झोपायच्या जागेत नकोच. आणि दारं लावून आत शेगडी किंवा कोळसा कधीच पेटवू नका, थंडी कितीही असो.

आता आमची चूक सांगते. घरच्या फर्निचरचं १८ मिमीचं प्लाय उरलं होतं, फुकटचं म्हणून नवऱ्याने सगळा बेड त्याचाच ठोकला. आठ बाय चारची ती एक शीट तीस-पस्तीस किलोची असते, आम्ही दोन वापरल्या, वर वीस लिटरचे दोन जार म्हणजे चाळीस किलो पाणी, ते पण दोन्ही एकाच बाजूला कारण दुसऱ्या बाजूला माझी ट्रंक. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी मागून बसलेली आणि प्रत्येक वळणाला डावीकडे झुकायची, मी जीव मुठीत धरून बसले होते. घरी येऊन सगळं उखडलं. आता ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट, वर १२ मिमी प्लाय, ते पण फक्त पाठ टेकते तिथे. पाणी खाली, मागच्या ॲक्सलजवळ, दोन्हीकडे सारखं. प्लाय घेताना शीटवर आयएस ७१० छापलंय का बघा, ते पाण्याला टिकतं, आयएस ३०३ चं साधं एमआर, म्हणजे नुसता ओलसरपणा सोसणारं, घेतलं तर पहिल्या पावसाळ्यात फुगलं म्हणून समजा.

आणि एक, मोजणारा एक आणि कापणारा दुसरा असं करा. आमच्याकडे मोजायचे पण हेच आणि कापायचे पण हेच, त्यातून तीन फळ्या वाया गेल्या आणि चूक मात्र टेपची निघाली.

मे महिन्यात गाडीत झोपायचं तर एसी लागेलच. १०० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) लिथियम बॅटरीवर छोटा एसी किती तास चालेल?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

भुसावळचा माणूस हे विचारणारच, पंचेचाळीसच्या वर पारा गेलेला बघितलाय आपण. हिशोब असा की लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० एएच बॅटरी म्हणजे दोन्हींचा गुणाकार, १२८० वॅट-अवर. एसीने हजार वॅट खाल्ले आणि इन्व्हर्टरने आपला वाटा घेतला की तासाभरात बॅटरी झोपली, तुम्ही जागे. तेच १२ व्होल्टचा पंखा २४ वॅटचा धरला तर दहा तासांचे २४० वॅट-अवर, म्हणजे सोलर नसतं तरी पाच रात्री निघतात. म्हणून एसी विसरा, आधी ऊन गाडीपर्यंत येऊ देऊ नका.

ऊन छतातनं येतं. आपल्याकडे नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट घ्या, छताच्या वर वीतभर मोकळी जागा सोडून ताणा, खालून वारा खेळला पाहिजे, नेट पत्र्याला चिकटवली तर फायदा नाही. काचांना आतून पडदे लावून फारसं होत नाही कारण ऊन काचेतनं आत आलेलंच असतं, जळगावची प्लास्टिक चटई आपल्या घरात असतेच, ती काचेवर बाहेरून टाका. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे पंख्यापुढे ओलं कापड नाहीतर छोटा कूलर झकास काम करतो, पण जुलैत तोच कूलर गाडीत नुसता दमटपणा करेल.

छताला आतून फोम लावायचा तर सोल्यूशन उष्णता सोसणारं घ्या, दहा रुपये वाचवू नका. आम्ही वाचवले. एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता आत आडवी झाले होते, पत्रा वर तव्यासारखा तापलेला, आधी कोपऱ्यात चर्र असा बारीक आवाज आला, मी म्हटलं उंदीर आहे की काय, तोवर अख्खी शीट सोल्यूशनच्या तारा काढत तोंडावर. केसांतनं ते काढायला खोबरेल तेल आणि दोन दिवस लागले, नवरा मात्र आधी फोटो काढत बसला.

वायरिंगचं न विचारता सांगते कारण ते मी केलंय. आमचा १२ व्होल्टचा फ्रिज रात्री आपोआप बंद व्हायचा, सगळे म्हणाले फ्रिज खराब. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १२.८ आणि फ्रिजच्या प्लगवर ११.९, म्हणजे जवळपास एक व्होल्ट वायरच खात होती! घरातली १ स्क्वेअरची, म्हणजे १ चौरस मिमीची बारीक वायर ओढली होती. १२ व्होल्टमध्ये करंट जास्त असतो, लांब वायर जाडच लागते. ६ स्क्वेअरची टाकली, फ्रिज तेव्हापासून गप चालतोय. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच टाका, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज तिला वाचवू शकत नाही. आणि बॅटरी टपावर किंवा बॉनेटजवळ नको, मागच्या सीटखाली सावलीत ठेवा, फार तापली की बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट, चार्जिंग बंद करतं आणि आपण सोलरला शिव्या देतो.

मागच्या सीट कायमच्या काढून टाकल्या तर आरटीओ पकडेल का?
— एक वाचक, शिरपूर

पकडेल आणि पकडायलाच पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सीट किती हे त्यात लिहिलेलं असतं. परत ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाल्यांना कारण मिळतं. पद्धतशीर मोटार कॅराव्हॅन करायची तर त्याला एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, ते अंगणात सुताराकडून होणारं काम नाही. आम्ही बॉडीत एक भोक पाडलेलं नाही. सगळं खोक्यांचं, सीट जागेवर, त्यावर आणि मागे पाय असलेल्या फळ्या टेकवायच्या, पट्ट्याने आवळायच्या, घरी आलं की वीस मिनिटांत उतरवायचं, सोमवारी त्याच गाडीतनं पोरं शाळेत. सोलर पॅनल पण टपावर बोल्टने नाही, फोल्डिंगचं घेतलंय, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतं, हा फायदा घेतल्यावर कळला.

पहिली ट्रिप कुठे करू?
— नंदुरबार

तोरणमाळ तुम्हाला जवळ, पण पहिल्याच वेळी लोड भरून घाट नको. दत्त जयंतीला सारंगखेड्याला जा, तापीकाठी घोड्यांची यात्रा, सपाट रस्ता, काही बिघडलं तर माणसं आजूबाजूला. डिसेंबर असतो, गोधडी दोन घ्या, नदीकाठ म्हणून मच्छरदाणी पण. तिथे झालं की मग तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई निवांत. पाल गावाकडे गेलात तर ते यावल अभयारण्यात येतं, रात्री गाडी लावायच्या आधी वनखात्याला विचारा. वांगी घरून न्या, भरीत तिथेच भाजा, कळण्याच्या भाकरी मात्र आदल्या रात्रीच करून घ्या, ड्रॉवरवाल्या किचनवर भाकरी थापायचा प्रयोग माझा दोनदा फसलाय.