माणसांची 'उलाढाल' होत नसते; आणि राजीनाम्यातला 'राजी' कोण?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्ट मॅडमचा प्रश्न आलाय. ऑफिसातली डिझायनर मुलं वर्ष-दीड वर्षात सोडून जातात, त्यावर त्यांना मराठीत बोलायचंय, तर इंग्रजीतल्या 'एम्प्लॉयी टर्नओव्हर अँड रिटेन्शन'ला 'कर्मचारी उलाढाल व धारणा' हे शीर्षक बरोबर आहे का?

नाही. उलाढाल पैशाची होते, मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांची होते. माणसांची उलाढाल ही मोबाइलनं केलेल्या भाषांतराची करामत आहे आणि हल्ली ती पेपरातसुद्धा दिसायला लागलीय, डोकं उठतं. 'धारणा' तर त्याहून भारी, पोस्टर बघून लोक योगाच्या वर्गाला आल्यासारखे सतरंजी घेऊन येतील. शाळेतली मुलं कमी होतात त्याला आपण 'गळती' म्हणतो, तेच इथं चालतं. फक्त आर्किटेक्ट मंडळींना गळती म्हटलं की स्लॅब आठवतो, ती अडचण तुमची तुम्ही बघा.

खरी मजा मुलं जाताना जो कागद देतात त्यात आहे. राजीनामा! याचा 'राज्य'शी काडीचा संबंध नाही, 'राज्य सोडल्याचा नामा' असं छातीठोक सांगणारे विद्वान मला भेटलेत, त्यांना लांबूनच नमस्कार. राजी हा अरबी शब्द, फारसीतनं आपल्याकडं आला, अर्थ संतुष्ट, कबूल. नामा म्हणजे लेख. म्हणजे हा चक्क संमतीपत्राचा कागद! मराठेशाहीत भांडण पंचांपुढं गेलं की दोन्ही पक्षांकडनं आधी राजीनामा घेत, तुम्ही द्याल तो निवाडा कबूल म्हणून. हिंदीत अजून राजीनामा म्हणजे समझोताच.

मग संमतीचा कागद सोडून जाण्याचा कसा झाला? माझं म्हणणं, हे जमिनीतनं आलं. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा रयत राजीनामा लिहून द्यायचा, मी राजीखुशीनं सोडतोय म्हणून, आणि घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. पंचांपुढं राजी होणं राहिलं बाजूला, चावडीवर सोडणं तेवढं चिकटलं. यावर एकानं मला 'पुरावा काय' विचारलं होतं. पुरावा हाच की गुजरातीत, आणि इथनं तासाभरावर निपाणीपलीकडं कन्नडमध्येसुद्धा, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणंच, आणि तिकडचा बराच मुलूखही याच मुंबई इलाख्यात होता. हिंदीवाले इस्तीफा म्हणतात, तो 'माफी'च्या धातूतला, म्हणजे ते जाताना माफी मागतात आणि आपण संमती देतो. 'त्यागपत्र' म्हणणाऱ्यांनी तर कृपा करावी, पंधरा हजारांच्या नोकरीत कसला आलाय त्याग.

आणि आता ऐका, 'रजा' पण त्याच धातूतली! रजा म्हणजे मुळात मर्जी, परवानगी. 'नाराज' पण तिथलाच, ना-राजी. आता मॅडम, तुमच्या ऑफिसची गोष्ट या एका घराण्यात बसते बघा: पोरगं पाच वर्षं बी.आर्क. करून येतं, त्याला दोन वर्षं टॉयलेट डिटेल आणि दरवाजे-खिडक्यांची शेड्यूलं काढायला बसवायचं, साइटवर न्यायचं नाही, सबमिशनच्या आदल्या दिवशी रजा मागितली की नाही म्हणायचं, मग ते नाराज, आणि पुण्याचा फोन आला की राजीनामा. रजा, नाराज, राजीनामा, तीन शब्द, धातू एकच. क्लायंट फी टप्प्याटप्प्यानं आणि उशिरा देतो म्हणून पगार वाढत नाही हेही खरंच, पण त्याला मी काय करणार, मी शब्दांचा माणूस.

हां, शीर्षक राहिलंच. टिकत नाहीत याला आपल्याकडं एका शब्दात 'टिकनात' म्हणतात, तर 'डिझायनर पोरं का टिकनात?' एवढंच लिहा, कोल्हापुरात कुणाला अर्थ विचारावा लागणार नाही.