मातीआड गेलेली माणसे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (शिरूर): आमच्या तालुक्यातल्या इनामगावात घराच्या जमिनीखाली माणसे पुरलेली सापडली, असे ऐकले. घरात कोणी मढे पुरते का? आणि त्यांचे पाय का तोडले होते?

घोड नदीकाठच्या या वस्तीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपली माणसे घरात किंवा अंगणातच पुरत. मोठ्यांना डोके उत्तरेकडे करून उताणे निजवत आणि घोट्याखालची पावले तोडत. मेलेल्याने भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून असे करत असावेत, हा अभ्यासकांचा तर्क. मला त्यात भीतीपेक्षा ओढ जास्त दिसते. नुसती भीती असती, तर मढे नदीपलीकडे नेऊन टाकले असते. आपले माणूस घरातच राहावे, ही इच्छा त्या पुरण्यात आहे.

लहान मुलांसाठी मातीचे दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवत. आत मूल, शेजारी छोटी वाडगी. एका मोठ्या घराच्या अंगणात तर चार पायांचा, गरोदर पोटासारखा फुगीर रांजण निघाला. त्यात एक पुरुष बसलेल्या अवस्थेत होता आणि त्याची पावले शाबूत होती. तो वस्तीतला मानाचा माणूस असावा. ज्याच्या पायांना हात लावला नाही, त्याचा मान त्या पावलांवरूनच कळतो.

प्रश्न (सातारा): आम्ही दहन करणारे. मग आमच्यात तान्ही मुले का पुरतात?

हा नियम जुना आहे. दोन वर्षांच्या आतले मूल पुरावे, त्याला तिलांजली देऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ज्याच्यावर अजून संस्कार झाले नाहीत, त्याला अग्नीही नको, अशी त्यामागची समजूत. पण तिलांजली नाही म्हणून शोकही नाही, असे आईबापांना कोणी ऐकवू नये. मूल कुठे पुरले, हे आईला सांगत नाहीत, अशी घरे मी पाहिली आहेत. तिला विचारावे. तिला ती जागा पाहायची असेल, तर जरूर न्यावे.

प्रश्न (सोलापूर): आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, ते का?

देह लिंगात एकरूप झाला, लिंगैक्य झाला, ही श्रद्धा. म्हणून पूजेला बसल्यासारखे बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, भस्म आणि बेलपाने वाहून समाधी देतात.

प्रश्न (मालेगाव): इनामगावची डोकी उत्तरेला, आमच्या कबरीही उत्तर-दक्षिण. काही नाते आहे का?

नाही. तुमची कबर ठरते किब्ल्यावरून, म्हणजे नमाजाच्या दिशेवरून. मय्यत उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे; मक्का आपल्या पश्चिमेला, म्हणून डोके उत्तरेला येते. लंडनमध्ये किब्ला आग्नेयेला, त्यामुळे तिथली कबर तिरपी पडते.

प्रश्न (नेवासे): पाया खणताना पालथे मडके आणि हाडे लागली तर काय करावे?

खणणे तिथेच थांबवा, पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना कळवा. मडके उचलू नका, आतली माती तर मुळीच काढू नका. तान्ह्या मुलाची हाडे पाखराच्या हाडांइतकी बारीक असतात, त्यांना जागेवर धरून ठेवते ती मातीच. पाणी घातले की अर्ध्या तासात सगळा चिखल होतो आणि ते मूल किती महिन्यांचे होते, हेही मग कोणाला सांगता येत नाही.