हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील कादंबरीत नायकाचा अपराधभाव कसा दाखवावा?

आपण विचारले आहे की, आपल्या कादंबरीचा नायक १९४८ साली १९ वर्षांचा असून निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांच्या, मराठवाड्याच्या सरहद्दीवरील छावणीत दाखल झाला आहे, आपल्या हातून घडलेल्या गोष्टी त्याला छळतात, पण त्याची स्वगते लिहायला बसले की त्यांची भाषणे होतात. यावर काय करावे? माझी सारी नोकरी नांदेड जिल्ह्यात मराठी शिकवण्यात झाली आणि या काळावरची चार-पाच हस्तलिखिते विद्यार्थ्यांनी व मित्रांनी मला वाचायला दिली. जवळजवळ सगळ्यांत हाच दोष होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्वगताचे भाषण होते, कारण नायक नेमका कशाबद्दल अपराधी आहे हे लेखकानेच ठरवलेले नसते. 'हिंसा झाली' एवढ्याने भागत नाही. छावण्यांतील तरुण काय करत ते पाहावे: करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर हल्ले करत, पटवाऱ्याचे दप्तर जाळत, निजामाचे आबकारीचे, म्हणजे दारू-ताडीवरील कराचे, उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडेसुद्धा तोडत. हे करून ते रातोरात उमरखेडच्या किंवा बार्शीच्या बाजूला भारतीय हद्दीत परतत आणि रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, राग पुष्कळदा निघे तो मागे राहिलेल्या गावांवर. नायकाचा सल इथे शोधावा. दप्तर जाळल्याचे त्याला दुःख नाही. आपण निसटू शकलो आणि ज्या घराने आदल्या रात्री भाकरी बांधून दिली ते घर निसटू शकले नाही, हे त्याला गिळता येत नाही. लढा न्याय्य होता, आपण नेमून दिलेले कामच केले, आणि तरीही ते घर आपल्यामुळे जळाले, ही तिन्ही विधाने त्याच्या लेखी एकाच वेळी खरी असली पाहिजेत. त्यांपैकी एक जरी लेखकाने खोटे पाडले तरी द्वंद्व सरते आणि उरतो तो नुसता पश्चात्ताप, जो दोन पानांत संपतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची हैदराबाद संस्थानावरील 'पोलीस कारवाई' सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. बहुतेक हस्तलिखिते तिथे तिरंगा फडकवून थांबतात. मला तो थांबा सोयीचा वाटतो. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला आणि रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली मुसलमान कुटुंबे त्यात भरडली गेली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील बळींची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी असा अंदाज नोंदवला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही आपल्याकडची नावे होती. तो अहवाल मात्र कित्येक दशके दडून राहिला. आपला नायक नेमका याच दिवसांत गावी परतू द्यावा. रझाकारांच्या धुमाकुळात त्याच्या आईला स्वतःच्या घरात लपवणारा मुसलमान शेजारी आता त्याच्या दाराची कडी वाजवत आहे. दार उघडले गेले की नाही, हे तिथे सांगू नये.

मग सांगावे कुठे? पुढे स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन मिळू लागले आणि छावण्यांत काम केलेल्यांनाही ते लागू झाले. तोवर आपला नायक पन्नाशी ओलांडून गेलेला असेल. वर्ष नापिकीचे आहे. मुलगा अर्ज लिहायला बसला आहे, आणि बाप नाक्याचे नाव, तारीख, सोबत्यांची नावे बिनचूक सांगतो. "दादा, नाक्याचं झालं. गावी आल्यावर काय केलं? पुढं काय लिहू?" असे मुलाने विचारताच तो उठतो आणि कोरड्या हौदाकडे बैल घेऊन जातो. इथे स्वगत लिहिण्याचा मोह आपल्याला नक्की होईल. तो आवरावा, कारण बैल हौदाशी तोंड घालून परत फिरतो एवढे पुरे आहे.

त्याने अर्जावर सही केली की नाही, हे मी आपल्या जागी असतो तर ठरवून टाकले असते: केली, आणि दर महिन्याला पैसे उचललेही. फक्त तालुक्याला जाताना तो शेजाऱ्याच्या पडक्या घरावरून जाणारी वाट सोडून मळ्यामळ्याने जातो, आणि पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या त्याच्या वहाणा पाहून बायको दर वेळी कुरकुरते.