जर्मन शाळेशी भागीदारी: आधी सोबत जाणाऱ्या मॅडमची परवानगी, मग बाकी सगळं

नमस्कार सर. तुम्ही लिहिलंत ते असं: अंबड तालुक्यातली जिल्हा परिषद प्रशाला, जर्मनीतल्या शाळेचा भागीदारीचा मेल, मुख्याध्यापक म्हणतात "नसती भानगड कशाला", पालक विचारतात फायदा काय, आणि परवानगीसाठी वर पाठवलेली फाइल दोन महिने "मार्गदर्शन मागविले आहे" या शेऱ्यावर पडून. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, आमच्याच फायलीची झेरॉक्स कुणीतरी इथं टाकली! मी लातूर जिल्ह्यातल्या एका प्रशालेत इंग्रजी शिकवते. आमची जोडीही जर्मन शाळेशीच होती.

ओळखीचे मेल, पहिला व्हिडिओ कॉल हे तुम्ही कराल, ते सांगत बसत नाही.

पालकांना "आत्मविश्वास वाढतो" वगैरे सांगू नका. मान डोलावून घरी जातात आणि पोराला क्लासला घालतात. आम्ही दोन्हीकडच्या आठवीला एकच काम दिलं: घरात माणशी रोज किती पाणी लागतं ते आठवडाभर लिहायचं. तिकडच्यांनी मीटर वाचले, माणशी सव्वाशे लिटरच्या आसपास. आमच्या लेकरांनी घागरी मोजल्या, आणि टँकर आला नाही त्या दिवसापुढं फुली मारली. मग तिकडून प्रश्न आला, रेल्वेनं पाणी आणलं होतं म्हणे, ते खरं का? वर्गात वर्षभर "येस मॅडम"पलीकडं तोंड न उघडणारा एक मुलगा घरी जाऊन वडिलांना खोदून खोदून विचारून आला. एप्रिल 2016, मिरजेहून लातूर, गाडीचं नाव जलदूत, उतरवलेलं पाणी कुठं साठवलं, पुढं टँकरनं कसं वाटलं. मोडक्या इंग्रजीत दीड पान लिहिलं त्यानं. मी वर्गात विचारते त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक असतं, हे पोरांना पक्कं माहीत असतं. इथं विचारणाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. माझ्या मते भागीदारीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि त्याला विमान लागत नाही.

दुसरं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: आपण जाण्यापेक्षा त्यांना बोलावणं जास्त कामाचं. जातात मूठभर, तेही बहुतेक ज्यांच्या घरी तिकिटाचे पैसे आहेत ते. पाहुणे आले की अख्ख्या शाळेला कामं मिळतात. आमच्याकडं ते हुरड्याच्या शेवटच्या दिवसांत आले. आगटीपाशी गरम कणसं चोळून दाणे कसे काढायचे हे आमची पोरं त्यांना शिकवत होती, आणि इंग्रजी अडलं की हात चालत होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातही नेलं. तिथल्या हस्तिदंती मूर्तीसारखीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या उत्खननात 1938 मध्ये सापडली, हे कळल्यावर दोन्हीकडची मुलं नकाशा घेऊन बसली. तुम्हाला तर तेरपर्यंत यायचीही गरज नाही, तशीच एक तुमच्याच जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडली आहे. फक्त एक लक्षात ठेवा: परदेशी पाहुणा कुणाच्या घरी मुक्कामाला राहिला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, जुन्या लोकांना ते फॉर्म सी म्हणून माहीत आहे. पोलीस पाटलाला तोंडी सांगून भागत नाही.

आता तुमची फाइल. माझा जीव तिथंच जळतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून नोकरी करायची आहे. मुलांसोबत जर्मनीला जाणारी शिक्षिका मीच होते, माझ्या परदेश प्रवासाच्या परवानगीसाठी फाइल पाठवली. आधी म्हणाले निमंत्रण मराठीत द्या. दिलं. मग खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? शासनावर कोणताही आर्थिक भार नाही असं लिहून दिलं. मग म्हणे त्याचं हमीपत्र हवं. हमीपत्र दिलं तोवर टेबलावरचे साहेब बदलले, आणि नव्या साहेबांनी निमंत्रणापासून पुन्हा सुरुवात केली. दर वेळी एकच त्रुटी, कधी दोन एकदम सांगितल्या नाहीत. परवानगीचं पत्र आलं तेव्हा मुलं तिकडं पोचली होती. माझ्या जागी ऐनवेळी एक सर गेले, माणूस चांगला, पण दोन मुलींच्या घरच्यांनी "मॅडम असतील तरच" असं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. त्या राहिल्या. पासपोर्टवर व्हिसा चिकटलेला, आणि त्यातली एक तर सगळ्यात सुरेख पत्रं लिहिणारी. तिच्या जर्मन मैत्रिणीनं विमानतळावर तिच्या नावाची पाटी धरली होती, तो फोटो आला होता. त्यावर जास्त लिहीत नाही.

म्हणून सांगते, पहिल्याच प्रस्तावात दोन शिक्षकांची नावं टाका आणि दोन्ही बायकांची टाकलीत तर उत्तम. सगळी जोडपत्रं क्रमांक घालून एकदम द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागचं हलू नका. तरीही ढिम्म, तर माहिती अधिकारात फक्त एवढंच मागा: या फायलीचा तारीखवार प्रवास, कोणत्या टेबलावर किती दिवस. 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्यात एका टेबलावर फाइल ठेवायला सात कामकाजाच्या दिवसांची मर्यादा आहे, पण पत्रात त्याचा उल्लेख करायचा की नाही हे तिथली माणसं बघून ठरवा. काही जण चिडून जास्तच अडवतात.

परदेश प्रवासाची परवानगी आणि पासपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्टसाठी ना-हरकत आणाच असं कुणी म्हणालं तर अडून बसू नका, सरकारी नोकरदाराला कार्यालयाला पूर्वसूचना देऊनही अर्ज करता येतो, त्या पूर्वसूचनेचा नमुना म्हणजे पासपोर्टचं परिशिष्ट एच, ते बघा. मुलांचं खरं दुखणं जन्मदाखला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद आईच्या माहेरच्या गावात, आणि बारसं नंतर झाल्यामुळं नावाचा रकाना कोरा. नोंदीपासून 15 वर्षांच्या आत नाव भरून घेता येतं. आठवी-नववीच्या मुलांकडं त्यातला थोडाच वेळ उरलेला असतो, तेव्हा दाखले आजच तपासा. दहावीच्या मुलांना नेऊच नका.

शाळकरी मुलं आणि सोबतचे शिक्षक शिक्षणासाठी जात असतील तर शेंगेन व्हिसाचं (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) शुल्क माफ असतं, व्हिसा केंद्राची सेवा फी तेवढी द्यावी लागते. आमच्या एजंटनं हे सांगितलं नव्हतं, का ते तुम्ही ओळखा. "एक्स्चेंज" म्हणून सहल विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. मुलं यजमानांच्या घरी राहणार नसतील आणि ते लोक परत आपल्याकडं येणार नसतील, तर ती सहलच.

तिकडचे पालक वर्गणी काढून पैसे पाठवतो म्हणतील. नम्रपणे नको म्हणा. 2010 च्या परदेशी अंशदान (परदेशातून येणाऱ्या देणग्यांच्या) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर शाळेच्या खात्यावर एक युरोही घेता येत नाही. त्याच कायद्याचं कलम 6 सरकारी नोकरांच्या परदेशी पाहुणचाराबद्दल आहे, म्हणून शिक्षकांनी राहण्याजेवणाचा खर्च आपला आपण केलेला बरा. मी वकील नाही, नियम बदलतात, व्हिसाचं दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचा.

आणि फोटो! आपल्याकडं कार्यक्रम संपायच्या आत फोटो फेसबुकवर. तिकडं पालकांची लेखी संमती लागते. आमच्या शाळा समितीच्या एका उत्साही सदस्यानं असेच फोटो टाकल्यामुळं महिनाभर मेलना उत्तर आलं नव्हतं.

कॉलची वेळ ठरवताना, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. ती शाळा जर्मनीच्या कोणत्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथं सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात. तेवढं कळवा, म्हणजे आपल्या परीक्षा आणि त्यांच्या सुट्ट्या जुळवून तारखा काढता येतील.