डिस्चार्ज कार्डवर 'ॲपगार ८/१०, ९/१०' लिहिलंय. माझ्या मुलीचे गुण का कापले?

आधी अभिनंदन! साताऱ्यात लेक झाली आणि कंदी पेढे वाटायचे सोडून तुम्ही कार्डावरचे मार्क तपासत बसलात. पहिल्या मिनिटाला ८ आणि पाचव्या मिनिटाला ९, मग पुरते दहा का नाहीत आणि ॲपगार हा कशाचा शॉर्टफॉर्म, असं तुम्ही विचारलंय. ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली, हे मार्क मीच देत आले, म्हणून लिहिते.

मार्क अजिबात वाईट नाहीत. सात ते दहा म्हणजे बाळ ठीक. पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन द्यायचे. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभर किंवा जास्त असले तर दोन, कमी असले तर एक. बाळ खणखणीत रडलं तर दोन, नुसतं कुंथलं तर एक. हातपाय आखडून धरून हलवतंय की लुळे पडलेत, नाकात सक्शनची नळी घातल्यावर तोंड वाकडं करून शिंकतंय की गप्प, हे त्यापुढचं. आणि शेवटचा रंग. इथेच बहुतेक बाळांचा एक मार्क जातो, कारण अंग गुलाबी झालं तरी तळहात-तळपाय थोडा वेळ निळसर राहतात. आपल्याकडच्या सावळ्या बाळांचं तर अंग बघून काही कळत नाही, ओठ आणि जीभ बघावी लागते. तुमच्या लेकीचा दुसरा मार्क बहुधा हातपायांच्या हालचालीत किंवा रडण्यात गेला असेल आणि चार मिनिटांत तिने तो भरूनही काढला.

आता शॉर्टफॉर्मचं. ॲपगार हे आडनाव आहे, डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या बाईंचं. आम्हालाही नर्सिंगला 'अपिअरन्स (रंग), पल्स (ठोके), ग्रिमेस (तोंड वाकडं करणं), ॲक्टिव्हिटी (हालचाल), रेस्पिरेशन (श्वास)' या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे ॲपगार, असंच पाठ करायला लावलं होतं. पण ती जुळवाजुळव पद्धत आल्यावर दहाएक वर्षांनी, पाठांतर सोपं जावं म्हणून कुणीतरी केलेली.

बाई अमेरिकेतल्या, जन्म १९०९ चा. १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. व्हायचं होतं सर्जन, पण तिथल्या सर्जरीच्या प्रमुखांनी सांगितलं की बाईमाणसाला यात पोट भरणं अवघड, भूल द्यायचं शास्त्र शिक. त्या काळी भूल देणं हे डॉक्टरचं काम कमी आणि नर्सचं जास्त समजलं जायचं, म्हणजे तशी ती खालच्या पायरीची जागा होती. बाई तिथे गेल्या आणि १९३८ पासून त्यांनी तो विभाग उभा केला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र खातं केल्यावर प्रमुखपद मात्र एका पुरुष डॉक्टरला मिळालं. बाईंना पूर्ण प्रोफेसर केलं, त्या कॉलेजात असा मान मिळालेली पहिली स्त्री. प्रमुखपद हुकलं हे आपल्या पथ्यावरच पडलं असं मला वाटतं, कारण त्यानंतर त्या बाळंतिणींच्या भुलेकडे वळल्या.

तोवर व्हायचं काय, की बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे आईकडे. वार पडली का, रक्तस्राव किती, टाके घ्या. मलूल बाळ बाजूला ठेवलं जायचं, त्यातली काही तशीच जायची. एका विद्यार्थ्याने नाश्त्याच्या टेबलावर बाईंना विचारलं, नवजात बाळ कसं आहे हे ठरवायचं कसं? बाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच मुद्दे खरडले आणि वापरून बघायला लेबर रूम गाठली, असं सांगतात. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, १९५३ मध्ये ती छापून आली. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. लाइट गेलेल्या रात्री घड्याळ, स्टेथोस्कोप आणि टॉर्चवर मी मार्क दिलेत. आणि मार्क द्यायचे म्हटलं की बाळाकडे बघावंच लागतं! या मार्कांवरूनच पुढे त्यांच्या गटाला कळलं की सायक्लोप्रोपेन नावाची भूल आईला दिली तर बाळं मलूल जन्मतात.

स्वभावाने बाई भलत्याच. पर्समध्ये चाकू आणि श्वासाची नळी घेऊन फिरायच्या, रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर असावी म्हणून. व्हायोला (व्हायोलिनसारखंच, थोडं मोठं वाद्य) वाजवायच्या आणि वाद्यं घडवायच्याही. हॉस्पिटलच्या टेलिफोन बूथमधली लाकडी फळी वाद्यासाठी आवडली, तर रात्री मैत्रिणीला घेऊन ती चोरली. मैत्रीण आत करवत चालवतेय आणि प्रोफेसरीणबाई बाहेर पहाऱ्यावर! तिथे दुसरी फळी बसवून आल्या हे मात्र खरं. १९७४ मध्ये त्या वारल्या.

एक सांगून ठेवते. हे मार्क बुद्धीचे नाहीत, पुढच्या तब्येतीचेही नाहीत. या बाळाला आत्ता मदत लागतेय का आणि दिलेली लागू पडतेय का, एवढंच ते आम्हाला सांगतात. बाळाने श्वासच घेतला नाही तर मिनिट भरायची वाट बघत नाही, लगेच पुसून, चोळून, लागली तर अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, हवा द्यायला घेतो. मार्क नंतर लिहितो.

दीड महिन्याच्या डोसला जाताना कार्ड सोबत न्या. तिथे वजन विचारतील, ॲपगार कुणी विचारणार नाही.