वाचक विचारतात : आम्ही पनवेलचे, मग खासदार मावळचा कसा?

प्रश्न : आम्ही रायगड जिल्ह्यातले, पण मतदान मावळ लोकसभेला करतो. घाट ओलांडून पुण्याशी कुणी जोडलं आम्हाला?

उत्तर : परिसीमन आयोगानं. २००१ च्या जनगणनेवरनं २००८ मध्ये हद्दी नव्याने आखल्या, त्यात मावळ हा मतदारसंघ तयार झाला आणि २००९ ला पहिली निवडणूक झाली, गजानन बाबर निवडून आले. सहा विधानसभा आहेत, घाटाखाली तुमचं पनवेल, शिवाय कर्जत नि उरण, घाटावर मावळ, चिंचवड आणि पिंपरी, म्हणजे उरणच्या खाडीकाठचा माणूस आणि पिंपरीतला कंपनी कामगार दोघांचा खासदार एकच! आमच्या मते हे जरा ओढूनताणूनच आहे, पण आयोग मुख्यतः लोकसंख्या बघतो, डोंगर आडवा आला तरी आकडा जुळवायचा.

गंमत म्हणजे भोसरी पिंपरी-चिंचवड महापालिकेतच, पण लोकसभेला ती जाते शिरूरमध्ये. तेव्हा त्रांगडं एकट्या तुमचंच नाही.

कोर्टात जायचा विचार असेल तर घटनेचं कलम ३२९ आधी वाचा, मतदारसंघांच्या हद्दी आखण्याच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही असं ते म्हणतं, तिथंच अडतं. आणि जिल्हा बदललेला नाही हो, सातबारा, दाखले सगळं रायगडचंच राहणार.